डोहात खडसाची बोटुकली सोडायचीय, पण नुसती सोडून भागतं का?

नीराकाठ_भोर:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव भोर तालुक्यात नीरेच्या काठाला. देवळाखाली एक डोह आहे, उन्हाळ्यातसुद्धा दोन पुरुष पाणी असतं. माझे आजोबा सांगायचे की या डोहात खडस असायचा, म्हणजे महसीर हो, पलीकडच्या गावात त्यालाच खडशी म्हणतात. लहान पोराएवढा मासा, आणि खवला इतका मोठा की आजीने एक डब्यात जपून ठेवलेला, तो मी लहानपणी हातात घेऊन उन्हात धरायचो, आरपार दिसायचं. आता डोहात चिलापी सोडून काही लागत नाही, कधी एखादा कटला.

तर आमच्या मंडळाने यंदा गणपतीच्या वर्गणीतले पैसे उरलेत त्यातून महसीरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून डोहात सोडायची ठरवलंय. बॅनर छापायला टाकलाय सुद्धा 😄 त्यात मीटिंगमध्ये आमच्या एका शिकलेल्या पुतण्याने पिल्लू सोडलं की अमेरिकेत कोलोरॅडो नदीत चार जातीचे मासे संपत आले होते ते सगळ्यांनी मिळून परत आणले, तसं करा, नुसत्या बोटुकलीच्या पिशव्या ओतून काही होत नाही. झालं, अर्धी मीटिंग त्याच्यावर चिडली. पण मला राहून राहून वाटतंय की पोरगं बरोबर बोलत असेल तर? तिकडे नक्की काय केलं कुणाला माहितीये का? आणि आमच्यासारख्या एका गावाने काय करावं?

ग्रँडजंक्शनकर:

अरे वा, माझ्या अंगणातला विषय! मी मूळचा सासवडचा, गेली ११ वर्षं कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला राहतो. गावाच्या नावातलं जंक्शन रेल्वेचं नाहीये, कोलोरॅडो आणि गनिसन या दोन नद्यांचा संगम इथे होतो म्हणून. म्हणजे आपल्याकडे याला सरळ संगम म्हणून मोकळे झालो असतो आणि एक महादेवाचं देऊळ बांधलं असतं.

पुतण्या बरोबर बोलतोय, पण "परत आणले" हे जरा घाईचं आहे. सविस्तर सांगतो, चहा घेऊन बसा.

चार मासे म्हणजे कोलोरॅडो पाइकमिनो, रेझरबॅक सकर, हंपबॅक चब आणि बोनीटेल. यातला पाइकमिनो तुमच्या खडसाचा लांबचा भाऊबंद समजा, दोघंही कार्पच्या गोतावळ्यातले. पूर्वी तो सहा फुटांपर्यंत वाढायचा, ३५ किलोच्या वर जायचा, आणि अंडी घालायला नदीतून तीनतीनशे किलोमीटर जायचा. इथले जुने लोक त्याला पांढरा सॅमन म्हणून खायचे.

मग धरणं आली. आणि नुसती धरणं नाही, ऐका हं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा तपासून बघितलं. सप्टेंबर १९६२ मध्ये ग्रीन नदीवर, म्हणजे कोलोरॅडोच्याच उपनदीवर, फ्लेमिंग गॉर्ज धरण पुरं व्हायच्या आधी सरकारी खात्यांनीच नदीत आणि तिच्या उपनद्यांत मिळून ७०० किलोमीटरच्या आसपास रोटेनोन नावाचं विष ओतलं. कशाला, तर नव्या जलाशयात ट्राउट सोडायचा होता, गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी, आणि हे गावठी मासे म्हणजे कचरा असं समजायचे. खाली एका पुलापाशी पोटॅशियम परमँगनेट टाकून विष मारायचं ठरलं होतं ते नीट जमलं नाही आणि विष पुढे डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित भागाच्या हद्दीत गेलं. जे मासे ६२ साली विष घालून मारले त्याच जाती वाचवायला आज कोट्यवधी डॉलर घालतायत.

आता सगळ्यांनी मिळून काय केलं ते. १९७३ साली इथे धोक्यातल्या प्राण्यांसाठी कडक कायदा आला. त्यात नदीचं पाणी उचलणारा प्रत्येक प्रकल्प अडकायला लागला, कारण पाणी उचललं की मासा मरतो. शेतकरी हवालदिल, शहरं हवालदिल, वीजवाले हवालदिल. मग १९८८ मध्ये कोलोरॅडो, युटा, वायोमिंग ही तीन राज्यं, केंद्राची खाती, पाणीवापरवाले, धरणाची वीज विकणारे आणि पर्यावरणवाले एका टेबलावर बसले आणि करार केला: आपण सगळे मिळून मासे वाचवायला झटायचं आणि त्या बदल्यात पाण्याचे प्रकल्प चालू राहतील. सॅन हुआन नदीवर असाच करार १९९२ मध्ये झाला, तिथे नवाहो वगैरे आदिवासी राष्ट्रंही बरोबरीने बसतात. पैसा बराचसा धरणाच्या विजेच्या विक्रीतून येतो. म्हणजे प्रेमाने नाही बसले दादा, कायद्याच्या भीतीने बसले. पण बसले, आणि अजून बसतायत.

माझा शेजारी पीचच्या बागा करतो, पॅलिसेड म्हणून गाव आहे, पीचसाठी तसं प्रसिद्ध आहे जसं आपलं सासवड अंजिराला. त्याच्या कालव्याने वरती पाणी उचललं की खाली संगमापर्यंत २४ किलोमीटरचा नदीचा तुकडा ऑगस्टमध्ये पार रोडावतो. फिफ्टीन माइल रीच म्हणतात त्याला. मी पुलावरून बघितलंय, गोटे उघडे पडलेले आणि मधून एक धार. आणि नेमका हाच तुकडा पाइकमिनोच्या कामाचा. तर पाण्याच्या हंगामात दर आठवड्याला फोनवर कॉल असतो, धरणवाले, कालवेवाले, मासेवाले सगळे त्यात, आणि या आठवड्यात वरच्या कुठल्या धरणातून किती पाणी सोडलं तर या तुकड्यात मासा तगेल ते ठरतं. शेजाऱ्याला विचारलं तुला राग येत नाही का तुझं पाणी माशाला देतात म्हणून, तर म्हणाला, माशाला दिलं म्हणून तर माझं शाबूत राहिलंय.

बाकी मग फिश लॅडर, म्हणजे बंधाऱ्याच्या बाजूने माशांना चढायला पायऱ्यापायऱ्यांचा पाट. आमच्या गनिसनवर रेडलँड्सचा १९९६ पासून आहे. तिथे वरच्या टोकाला माणूस उभा असतो, चढून आलेला गावठी मासा वर सोडतो आणि बाहेरून आणलेला असेल तर बाजूला काढतो. अगदी टोलनाकाच.

हॅचरी, म्हणजे माशांची पैदास करायची केंद्रं, आहेतच, रेझरबॅक तर आज जवळपास सगळा हॅचरीतून आलेलाच आहे. पण हॅचरीने मोठे मासे मिळाले, पिल्लं काही जगेनात. मग कोणीतरी बघितलं की धरणातून पुराचं पाणी सोडतात ते पिल्लं निघायच्या आधीच. काठच्या पाणथळीत पाणी शिरतं आणि पिल्लं मागाहून येतात, तोवर पाहुणे जेवून गेलेले. २०१२ पासून आता रात्री नदीत दिवा लावलेले सापळे ठेवतात, उजेडाला पिल्लं येतात, जेमतेम सेंटिमीटरभर, आणि ती पहिली पिल्लं दिसली की निरोप जातो आणि मग फ्लेमिंग गॉर्जमधून पाणी सुटतं. म्हणजे ज्या धरणासाठी विष घातलं तेच धरण आता नखाएवढ्या पिल्लाची वाट बघत थांबतं. मला हे फार आवडतं.

निकाल? हंपबॅक चब २०२१ मध्ये "संकटग्रस्त" मधून एक पायरी वर, "धोक्यात" मध्ये आला. बोनीटेल अजून हॅचरीच्या जिवावरच. पाइकमिनोची काळजीच आहे, कारण स्मॉलमाउथ बास नावाचा बाहेरून आणलेला मासा पिल्लं फस्त करतो. त्याला पकडायच्या स्पर्धा भरवतात, बक्षिसं देतात. आणि गंमत म्हणजे तिकडे कोलंबिया नदीत पाइकमिनोच्या चुलतभावाला पकडायचे नगाला पैसे देतात, कारण तो सॅमनची पिल्लं खातो! एकाच घराण्यातला एक लाडका आणि एक वाँटेड.

तर ३५ वर्षांहून जास्त झाली, अजून चालूच आहे. तुमच्या बॅनरवर "पूर्णत्वास गेले" असं काही छापू नका एवढंच.

स्पष्टवक्ता_६७:

वाचून डोळे पाणावले. आता जमिनीवर या.

तिकडे कायदा आहे, पैसा आहे, कॉल आहे. इथे धरणाच्या मासेमारीचा ठेका जातो, संस्था कागदावर, जाळं ठेकेदाराचं. त्याला वजन पाहिजे. कटला वर्षात किलोभर होतो, तुमचा खडस किती वर्षं घेईल? ठेकेदार त्याच्या डोहाचा कशाला विचार करेल. खाली नदीला कोणाची मळी येते, कोणाचं मैलापाणी येतं, त्याबद्दल बोललं की म्हणतात साहेब तुमचा बोअर आहे ना मग तुम्हाला काय करायचंय. आमच्याकडे एका मे महिन्यात पहाटे काठावर पांढरा थर, जवळ गेलो तर मासे. ट्रॉल्या भरून काढले. पंचनामा झाला, नमुने गेले, ते अजून गेलेलेच आहेत.

बोटुकली सोडा, फोटो काढा, जेवण करा. मासे दोन महिन्यांत कोणाच्या तरी कालवणात जातील. निदान कोणी तरी जेवेल.

रांजणखळगा:

स्पष्टवक्ता काका 😂 काही चुकीचं नाही बोललात, पण तरी मी मध्ये पडते. मी याच विषयात पीएचडी करतेय, नद्यांतून कंबरभर पाण्यात उभं राहून मासे मोजणे हा माझा धंदा.

भोरच्या दादा, पहिली गोष्ट, तुमच्या भागात खडस सोडणं हे काही परकं नाही. उलट या माशाचं शास्त्रीय नावच आपल्याकडचं आहे, टॉर खुदरी. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून तो वर्णन केला आणि नाव कोळ्यांच्या तोंडचंच उचललं. त्याने अशी बरीच नावं घेतलीत, लेबिओ पोटेल मधला पोटेल इथलाच, गारा मुल्या मधला मुल्या म्हणजे मळ्या. म्हणजे जगभरातले शास्त्रज्ञ आज आपल्या घाटावरच्या कोळ्यांचं मराठी बोलतात, उच्चार तेवढे धन्य. मुळा-मुठा आणि नीरा दोन्ही भीमेच्याच, म्हणजे खोरं एकच.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. सोडणं हे औषधासारखं आहे, कुठल्या पेशंटला देताय ते बघावं लागतं. लोणावळ्याला वळवण धरणावर टाटांची महसीर हॅचरी आहे, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी सत्तरच्या दशकात तिथे महसीरचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं, ते काम खरंच मोठं होतं, कारण तोवर हा मासा हौदात जमेल असं कोणाला वाटत नव्हतं. रोहू-कटल्यासारखी लाखांनी अंडी तो देत नाही, थोडी देतो, त्याला वाहतं, गार, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. तिथली बोटुकली मग देशभर गेली. कर्नाटकात कावेरीतही गेली. आणि कावेरीत आधीच दुसरा महसीर होता, पाठीला मदार असलेला, केशरी परांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये कबिनीत गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा, विक्रम त्याचाच. पुढे कावेरीच्या मासेमारी कॅम्पवरच्या वह्या तपासल्या तेव्हा दिसलं की १९९८ ते २०१२ मध्ये मदारवाला घटत गेला आणि आपला निळ्या परांचा सोडलेला महसीर वाढत गेला. गंमत म्हणजे त्या मदारवाल्याला नीट शास्त्रीय नावसुद्धा मिळालं नव्हतं. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी आहे हे पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. सगळा दोष सोडलेल्या माशाचाच असं नाही, वाळूउपसा, धरणं, सुरुंग सगळं आहे. पण चांगल्या मनाने सोडलेला मासासुद्धा दुसऱ्याच्या घरात घुसतो, एवढं लक्षात ठेवा. ग्रँडजंक्शनकरांचा ट्राउट आणि हा, मला तरी एकाच वहीतली दोन पानं वाटतात.

तिसरी गोष्ट, दादा मला सांगा, खडस तुमच्या डोहातून का गेला? जाळ्याने संपला, ब्लीचिंग पावडरने संपला, की वर जायचा रस्ता बंद झाला? पहिल्या पावसाचे चढणीचे मासे तुमच्याकडे अजून येतात का? आणि डोहाच्या वरखाली कोल्हापूर टाइप बंधारे किती आहेत?

महाड_टू_मुंबई:

आमच्याकडे या ना वाळण कोंडाला. काळ नदी, महाड तालुका, देवी वरदायिनी. कुरमुरे टाकले की महसीर नुसते हातावर येतात, पाणी काळं होतं माशांनी, आणि कोणाची टाप नाही एक उचलायची. ना खातं, ना ठेका, ना कॉल. देवीचे मासे आहेत म्हटलं की संपलं. वाड्याला वैतरणेवर तिळसेश्वरालाही तसंच. स्पष्टवक्ते साहेब म्हणतात इथे कायदा नाही, अहो देवीपेक्षा कडक कायदा कुठला?

फक्त एक आहे. देवीची हद्द कोंडापुरती. पावसात मासा बाहेर पडला की तो साधा मासा, मग त्याला पाग पण चालतो आणि बरंच काही चालतं. माझे मामा म्हणायचे, कोंडात हात जोडायचे आणि दोन वळणं सोडून जाळं सोडायचं, आपली भक्ती पण राहते आणि कालवण पण होतं.

स्पष्टवक्ता_६७:

मामांचं नाव कळवा, त्यांना जलसंपदा मंत्री करू.

नीराकाठ_भोर:

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मीटिंगमध्ये मोबाइलवरून वाचून दाखवलं, विषाचा भाग आला तेव्हा एकदम शांतता.

ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. चढणीचे मासे यायचे, मी शाळेत असताना मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाला अख्खा गाव ओढ्यावर, कोणी टोपली, कोणी धोतर. पोटात अंडी असलेले मासे काठीने मारायचो, आता सांगायला लाज वाटते पण तेव्हा जत्राच असायची. आता दोनचार मळे-मुरी येतात, बाकी नाही. ब्लीचिंग पावडर एकदा झालं, करणारे कोण ते सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी बोललं नाही.

बंधारे: डोहाच्या खाली एक, वर दोन. खालच्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या दाराच्या फळ्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायला पाहिजेत, पण पाऊस लांबला तर ऊस वाळेल म्हणून लोक काढू देत नाहीत, मग एकदम पूर आला की तारांबळ, एकदा तर निम्मे बर्गे वाहून गेले आणि उरलेले चोरीला, भंगारात. म्हणजे नेमका मासा वर यायच्या वेळी दार बंद. हे मी रोज बघतो, माझी मोटर तिथेच आहे, पण माशाच्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं.

रांजणखळगा:

दादा तुम्ही अर्धी पीएचडी एका पॅऱ्यात केलीत 🙏 खडसाला अंडी घालायला वरची गोट्या-रेतीची उथळ वाहती जागा लागते आणि डोह लागतो तो उन्हाळा काढायला. तुमच्याकडे डोह आहे, मधला जिना बंद आहे. यंदा पिशव्या आणल्यात तर मासे डोहात जगतीलही, वाढतीलही, पण पोरंबाळं होणार नाहीत, दरवर्षी पिशवी आणावी लागेल. आणि आणाल तेव्हा मत्स्यबीज कुठल्या केंद्रातून, आईबाप कुठल्या नदीतले ते विचारा, आणि पिशवी ओतायच्या आधी परातीत बघा, कटल्याच्या बीजात चिलापी मिसळून येते ती मी स्वतः वेचलीये.

ग्रँडजंक्शनकर:

ताईंशी सहमत. इथेही बरीच वर्षं पिशव्याच ओतत होते, म्हणजे ट्रक ओतत होते. तारखेचं गणित जमलं तेव्हा पिल्लं जगायला लागली. तुमचे बर्गे म्हणजे तुमचं फ्लेमिंग गॉर्ज आहे दादा, फक्त ते दोन माणसं आणि एका ट्रॅक्टरने उघडतं. आमच्या लोकांना असं धरण मिळालं असतं तर नाचले असते.

स्पष्टवक्ता_६७:

ऊसवाल्याला काय सांगणार? त्याचा ऊस वाळला तर खडस भरपाई देणार?

हा प्रश्न मी चेष्टेने विचारत नाहीये. तिकडच्या पीचवाल्याला करारात काहीतरी मिळालं म्हणून तो गप्प आहे. इथल्या उसवाल्याला काय मिळणार ते आधी ठरवा, नाहीतर रात्रीतून बर्गे परत बसतील.

नीराकाठ_भोर:

काका, तुमचा शेवटचा मेसेज मीटिंगमध्ये दोनदा वाचला. बरीच भांडणं झाल्यावर एवढं ठरलंय: यंदा पिशव्या नाहीत. उरलेल्या वर्गणीतून बर्गे काढायचा ट्रॅक्टर, मजुरी आणि ते ठेवायला कुलपाची शेड, म्हणजे चोरी व्हायची नाहीत आणि दिवाळीआधी परत बसवायला मिळतील. दरवर्षी बर्गे कमी पडून बंधारा गळतो ही उसवाल्यांचीच ओरड आहे, तर हे त्यांच्या बाजूचं. त्यांनी त्या बदल्यात पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी काढू द्यायचे, तारखेवर भांडायचं नाही. चढणीला काठीने मारणं पंधरा दिवस बंद, हे देवळात नारळ ठेवून, महाडकरांची आयडिया. बॅनरवाल्याला फोन करून "महसीर संवर्धन" च्या जागी काय छापायचं ते कळवायचंय, "बर्गे काढणे समारंभ" कोणाला पसंत नाही.

राहिले वरचे दोन बंधारे. ते वरच्या गावाचे. तिथला सरपंच माझा सख्खा साडू, आणि गेल्या दिवाळीपासून मोटरच्या पाइपवरून आमचं बोलणं बंद आहे. पहिला फोन कोणी करायचा यावर बायको आणि मेव्हणी आठवडाभर कॉलवर आहेत.